तारा, तर, इफ

हमरियाची ती नोकरी मला माझ्या मैत्रिणीनं मिळवून दिली. नोकरी चांगली होती. ती तिनं मिळवून दिली, हे मात्र मला कधी पचलं नाही.

आम्ही दोघी पुण्यात बरोबर जपानी शिकलो. संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात क्लास भरायचा आणि लहान मुलांच्या बाकांवर पाय दुमडून बसावं लागायचं. मी पहिल्या बाकावर, ती माझ्या शेजारी. कांजी, म्हणजे त्यांची ती चित्रासारखी अक्षरं, माझ्या हातून छापल्यासारखी उतरत. सर मला फळ्यावर लिहायला बोलवत आणि बाकीच्यांना बघा म्हणत. तिची अक्षरं कुणी घाईत कोळी चिरडावा तशी दिसत. दुसऱ्या पातळीच्या परीक्षेला आम्ही एकदमच बसलो. मी पास झाले, ती नापास झाली. निकालाच्या दिवशी तिनंच मला भेळ खाऊ घातली आणि म्हणाली, "माझं पुरे झालं बाई. मला बोलता येतं तेवढं बास." पुन्हा परीक्षेला ती बसली नाही.

बोलता तिला येत होतं हे खरं. चुकत-माकत, पण न थांबता. मी एक वाक्य मनात जुळवून, त्याचे प्रत्यय तपासून तोंड उघडेपर्यंत तिची चार वाक्यं होऊन गेलेली असत आणि समोरचा जपानी पाहुणा हसत असे.

लग्नानंतर मी शारजाला आले तेव्हा ती दुबईत स्थिरावलेली होती. शारजाच्या पलीकडे, हमरिया फ्री झोनमधल्या एका जपानी कंपनीत ती जपानी स्टाफचं सगळं बघायची. व्हिसा, घर, मुलांच्या शाळा, दवाखाना, सगळं. मी घराजवळच्या एका ट्युशनवाल्यांकडे शाळेच्या मुलांना इंग्रजी शिकवत होते. माझं जपानी घरातल्या वरच्या कपाटात ठेवलेल्या काचेच्या सेटसारखं झालं होतं. शाबूत होतं, पण काढायची वेळच येत नव्हती.

माझी मुलगी हायस्कूलला गेली त्या वर्षी एक दिवस तिचा फोन आला. "अगं, आमच्या लोकांना इंग्लिश शिकवायला कुणीतरी हवंय. जपानी येणारं. मी तुझं नाव सांगून टाकलं."

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

हे खरंच होतं, म्हणून मला जास्त राग आला.

सकाळी शारजाहून दुबईकडे जाणारा रस्ता गच्च भरलेला असतो. माझा नवरा रोज त्या गर्दीत अडकतो. ती बर दुबई भागात राहायची आणि तिला बरोबर उलट दिशेला यायचं असे, त्यामुळे तिच्या बाजूचा रस्ता मोकळा. आमच्या बिल्डिंगखाली ती गाडी थांबवायची, मी बसले की "यल्ला" म्हणून निघायची. संध्याकाळी मला सोडून ती दुबईकडे जायची तेव्हाही तेच. समोरून शारजाकडे येणाऱ्या गाड्यांची रांग हलत नसे, त्यातच कुठेतरी माझा नवरा असे, आणि ही आपली गाणी लावून मोकळ्या बाजूनं घरी. मला वाटायचं, हिचं सगळं आयुष्यच असं आहे. हिची बाजू कायम मोकळी.

कंपनी तेलाच्या पाइपलाइनला लागणारे मोठाले व्हॉल्व्ह बनवायची. सुटे भाग जपानहून येत, हमरियाला जोडले जात आणि अबू धाबीच्या गिऱ्हाइकांकडे रवाना होत. माझा वर्ग कॉन्फरन्स रूममध्ये, दुपारच्या जेवणानंतर. पाच-सहाजण असत. त्यातले दोघे मला नीट आठवतात. एक उंच इंजिनिअर, जो बोलण्याआधी टेबलाकडे बघत बसायचा. दुसरा शिपिंगचं काम बघणारा, गोल चेहऱ्याचा, दिवसभर गिऱ्हाइकांशी फोनवर असलेला. माझी मैत्रीण दाराशी खुर्ची टाकून बसायची, कारण हजेरी ठेवणं तिच्याकडे होतं. म्हणजे ती सांगायची तसं. मला वाटायचं, ती माझी परीक्षा बघायला बसते.

पहिली खरी अडचण आली ती इफच्या वाक्यांची. पुढं घडू शकेल अशा गोष्टीबद्दल इंग्रजीत बोलायचं, तर इफच्या तुकड्यात साधा वर्तमानकाळ येतो आणि दुसऱ्या तुकड्यात विल. इफ द ट्रक कम्स, आय विल कॉल यू. ट्रक अजून आलेला नाही, यायचाय, तरी त्याच्या तुकड्यात विल नाही. जपानी क्रियापदाला भविष्यकाळाचं वेगळं रूपच नसतं. त्यामुळे विल हा शब्द एकदा शिकल्यावर ही माणसं तो मोठ्या भक्तिभावानं सगळीकडे वाहत. इफ द ट्रक विल कम, आय विल कॉल यू.

मी बोर्डवर लाल आणि निळ्या पेनानं तक्ता काढला. समजावलं ते जपानीतून, तेही आदरार्थी, व्याकरणशुद्ध जपानीतून. सगळ्यांनी माना हलवल्या. मग मी उंच इंजिनिअरला वाक्य करायला सांगितलं. तो टेबलाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "इफ द ट्रक विल कम..."

दाराशी बसलेली माझी मैत्रीण तिच्या मोडक्या जपानीत त्याला म्हणाली, "अहो, विल ट्रकमध्ये बसून येत नाही. तो तुमच्या फोनपाशी बसलाय."

सगळे हसले. इंजिनिअरही हसला, आणि हसता हसता त्यानं वाक्य बरोबर केलं.

तिच्या एवढ्याशा वाक्यात दोन प्रत्यय चुकले होते. मी हसत होते, पण मनात ते दुरुस्त करत होते. ही मला सवयच लागली. ती बोलली की मी मनात तिची चूक शोधायची. "राहते" म्हणताना जिथं "नि" लावायचं तिथं ती "दे" लावायची, इतकी वर्षं. कुणी तिला सांगत नव्हतं. माझ्या शुद्ध जपानीला लोक मान हलवत आणि तिच्या अशुद्ध जपानीला उत्तर देत.

मग एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि नवऱ्याला म्हणाले, "ग्रोसरीचा माणूस आला तर पाण्याचे कॅन घे." बोलले आणि हातातला शर्ट तसाच राहिला. आला तर. तो अजून आलेला नाही, पण मी "आला" म्हणाले. भूतकाळ वापरला. जपानीतही हेच. तोराक्कु गा कितारा. किता म्हणजे आला, आणि त्यालाच शेपटी लावून कितारा, म्हणजे आला तर. न घडलेल्या गोष्टीला दोन्ही भाषा घडून गेल्याचं रूप देतात. आणि वर तो आवाज. तारा. तर. दोन्ही भाषा इतकी वर्षं माझ्या तोंडात होत्या आणि त्यांची कधी एकमेकींशी गाठ पडली नव्हती.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही. कॅन घे."

मी त्यातून एक सोपा नियम बसवला. जपानीत तुम्ही जिथं तारा म्हणता, तिथं इंग्रजीत इफ ठेवा, आणि त्या तुकड्यात विलला पाऊल टाकू देऊ नका. तक्ता नको, रंगीत पेन नको. सुट्टी संपेपर्यंत मी खुशीत होते. नवऱ्याला सांगितलं, तर तो "छान" म्हणाला आणि टीव्हीकडे वळला. मला हे ज्याला कळेल अशा माणसाला सांगायचं होतं, आणि तसं माणूस मला एकच माहीत होतं.

सोमवारी गाडीत बसल्या बसल्या तिला सांगितलं. तिनं गाण्यांचा आवाज बंद केला.

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"कितारा. आला तर." ती रस्त्याकडे बघत हळूच म्हणाली. मग तिचा चेहरा खुलला. "अगं, हे भारी आहे. एवढी वर्षं आपण कसं नाही पाहिलं हे?"

त्या "आपण"नं मला जरा टोचलं. पण ती इतकी मनापासून खूश झाली होती की मी ते सोडून दिलं. सिग्नल सुटेपर्यंत आम्ही दोघी वाक्यं करत होतो. पुण्यातल्या क्लासनंतर चालत घरी जायचो, तसं वाटलं.

या गटाचा वर्ग बुधवारी असायचा, बाकी दिवशी दुसरे गट. मी आत गेले तर गोल चेहऱ्याचा शिपिंगवाला उभा राहून म्हणाला, "सेन्सेई, तारा, तर, इफ."

बोर्डवर ते तीन शब्द आधीच लिहिलेले होते. कोळी चिरडल्यासारख्या अक्षरात.

वर्गातल्यांनीच मला सगळं सांगितलं. आदल्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये माझ्या मैत्रिणीनं जनरल मॅनेजरांसमोर उभं राहून ही गंमत सांगितली. तिच्या भाषेत तर आहे, त्यांच्या भाषेत तारा आहे, दोन्ही इंग्रजीत इफ होतात, आणि इफच्या घरात विलला प्रवेश नाही. जनरल मॅनेजर एरवी हसत नसत. त्या दिवशी हसले, स्वतः ते तीन शब्द म्हणून पाहिले, आणि बोर्डवरून पुसू नका असं सांगून गेले.

"व्हेरी गुड आयडिया," शिपिंगवाला दाराकडे हात करून म्हणाला. "शी इज व्हेरी क्लेव्हर."

मी दाराकडे पाहिलं. तिनं मला अंगठा दाखवला. चेहऱ्यावर कसलाही संकोच नव्हता. काही लपवल्याची खूण शोधायला मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले, पण तिथं नुसता आनंद होता.

त्या दिवशी वर्गात एकही वाक्य चुकलं नाही. इफ द पार्ट्स कम, वुई विल स्टार्ट. इफ द क्रेन इज फ्री, वुई विल लोड टुडे. उंच इंजिनिअरसुद्धा टेबलाकडे न बघता बोलला. माझा इतका चांगला वर्ग कधी झाला नव्हता, आणि माझ्या छातीत कुणीतरी ओलं फडकं पिळावं तसं होत होतं.

परतताना ती मीना बाजारात पाहिलेल्या पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत होती. निळं घ्यावं की मातकट. मी म्हणाले, मातकट. समोरच्या रांगेतल्या गाड्या उभ्याच होत्या.

घरी नवरा म्हणाला, "सरळ विचार की तिला."

सोफ्यावरून मुलगी म्हणाली, "मॉम, जस्ट टेल हर."

पण सांगायचं काय? तारा माझ्या मालकीचा नव्हता, तो सगळ्या जपानचा. तर सगळ्या मराठी लोकांचा. मी फक्त दोघांना एकमेकांशेजारी उभं केलं होतं. ते मी केलं होतं एवढंच माझं, आणि तेवढंच तिनं उचललं होतं. हे कुणाला समजावायला गेलं की ते इतकं लहान दिसायचं की मीच गप्प बसायची.

पुढचे काही महिने मी तिच्यावर जळण्यात घालवले. दुसरा शब्द नाही त्याला. जनरल मॅनेजर सुट्टीवरून आले की सगळ्या ऑफिससाठी बिस्किटांचा एक डबा आणत आणि तिच्यासाठी वेगळा. ती तो गाडीत उघडून अर्धा मला द्यायची, आणि मी तो खाताना चव चांगली आहे याचाही राग करायची. तिला उशीर झाला तर लोक थांबत. तिनं केस कापले तर ते तिला शोभले. वर्गात कुणाला अडलं की नजर आधी दाराशी जायची आणि मग माझ्याकडे यायची. मी नवनवे धडे काढले, आदल्यापेक्षा जास्त तयारी केली. सगळ्यांनी माना हलवल्या.

मग शिपिंगवाल्याचा तो फोन झाला.

अबू धाबीच्या एका गिऱ्हाइकाचा कंटेनर बंदरात यायचा होता. जहाज वेळेवर होतं, काळजीचं काही नव्हतं. गिऱ्हाइकाच्या माणसानं विचारलं तेव्हा शिपिंगवाला म्हणाला, "इफ द कंटेनर अराइव्ह्स, आय विल कॉल यू." व्याकरण अगदी बरोबर. विल जिथं हवा तिथंच. फोनवरच्या माणसाला मात्र ऐकू आलं, कंटेनर पोचलाच तर कळवतो. म्हणजे पोचण्याचा भरवसा नाही. त्यानं दोनदा विचारलं, यानं दोनदा तेच नम्रपणे सांगितलं. त्या माणसानं साइटवर सांगून ठेवलेली क्रेन आणि माणसं रद्द केली. कंटेनर ठरल्या दिवशी पोचला, ट्रकवरून साइटवर गेला, आणि तिथं तो उतरवायला कुणी नव्हतं. गिऱ्हाइकाच्या साहेबांनी थेट जनरल मॅनेजरांना फोन लावला.

जनरल मॅनेजरांनी शिपिंगवाल्याला, माझ्या मैत्रिणीला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी त्याला विचारलं, तुला नक्की काय म्हणायचं होतं ते जपानीत सांग. तो उभ्या उभ्या म्हणाला, "कोन्तेना गा त्सुइतारा, रेनराकु शिमास."

मी तो शब्द मनात परत म्हणून पाहिला. त्सुइतारा. जपानी तारा दोन कामं करतो. एखादी गोष्ट होईल की नाही हे माहीत नसलं तरी तारा, आणि ती होणारच आहे, झाली की पुढचं करू, असं म्हणायचं असलं तरी तारा. मराठीत आपण तिथं "पोचला की कळवतो" म्हणतो. प्रवासाला निघालेला माणूस "पोचलो तर फोन करतो" म्हणाला तर घरचे घाबरतील. इंग्रजीतही तिथं इफ चालत नाही, व्हेन लागतो. मला हे माहीत होतं. परीक्षेत मी यावरचे प्रश्न बरोबर सोडवले होते. पण त्या शुक्रवारी हातात शर्ट घेऊन उभी असताना तारा आणि तर इतके छान जुळले होते की ताराचा दुसरा अर्धा भाग माझ्या डोक्यात आलाच नाही. जिथं तारा तिथं इफ, हा नियम माझा होता, आणि त्यानं तो अक्षरशः पाळला होता.

"हे याला कुणी शिकवलं?" जनरल मॅनेजरांनी विचारलं.

मी "आनो..." म्हणाले. जपानीत माणूस बोलायला सुरुवात करताना असं म्हणतो. त्यांची नजर माझ्याकडे वळली, आणि मी पुढचं वाक्य मनात जुळवायला लागले.

तेवढ्यात माझी मैत्रीण वाकून म्हणाली, "चूक माझी आहे. नियम मी सांगितला होता, तुमच्यासमोरच." त्यातही तिचा एक प्रत्यय चुकला.

ते तिला बराच वेळ बोलले. आवाज न चढवता, पण माझ्यासमोर कुणाला तसं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. ती मान खाली घालून उभी राहिली. मी शेजारी उभी होते आणि मला कुणी काही विचारलं नाही. सगळं संपल्यावर तेच तिला म्हणाले, चल, गिऱ्हाइकाला आत्ता माझ्यासमोर फोन लाव. तिनं लावला. पहिल्यांदा तो माणूस ओरडत होता, ते बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. थोड्या वेळानं ती हिंदीत त्याला काहीतरी सांगत होती आणि पलीकडून हसण्याचा आवाज येत होता. पुढच्या आठवड्यापासून जनरल मॅनेजर गिऱ्हाइकांच्या मीटिंगला तिला बरोबर नेऊ लागले.

म्हणजे माझ्या चुकीनंसुद्धा तिचंच भलं झालं.

त्या संध्याकाळी गाडीत मी विचारलं, "तू माझं नाव का नाही घेतलंस?"

ती जराशी हसली. "कल्पना तुझी होती हे मी आधी कुठे सांगितलं होतं? मग आता सांगणं बरं दिसलं नसतं."

थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, "आणि तुझा क्लास बंद केला असता त्यांनी. मला काय, चार शब्द बोलतील आणि ठेवतील."

दोन्ही कारणं खरी होती, असं मला वाटतं. पण तिनं ती अशी सरळ सांगून टाकली, की इतके महिने मी ज्या भांडणाची तयारी केली होती ते करायला जागाच उरली नाही. मला त्या सरळपणाचाही हेवा वाटला. मला तसं बोलता आलं नसतं.

पुढच्या बुधवारी मी बोर्ड पुसला आणि इफ आणि व्हेन शिकवायला घेतलं. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा, हे होणार हे नक्की आहे का? नक्की असेल तर व्हेन, नसेल तर इफ. दोन्हीकडे विल त्याच्या जागी, पुढच्या तुकड्यात. सूर्य मावळणार हे नक्की, म्हणून व्हेन. क्रेन मोकळी असेल हे नक्की नाही, म्हणून इफ. शिपिंगवाला सगळ्यात पुढं बसला होता. त्यानं कंटेनरचं वाक्य व्हेननं म्हणून दाखवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग उंच इंजिनिअरनं हात वर केला. "सेन्सेई, ट्रान्सपोर्ट कंपनीचा माणूस म्हणतो, टुमॉरो, इन्शाल्ला. हा इफ आहे की व्हेन?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी उत्तर जुळवू लागले. देवाच्या इच्छेनं, म्हणजे अट आली, म्हणजे इफ. पण कितीदा तरी लोक नक्की येणार असतात आणि तरीही इन्शाल्ला म्हणतात, म्हणजे व्हेन.

दारातून माझी मैत्रीण म्हणाली, "कोण म्हणतंय त्यावर आहे. गेटवरचा सिक्युरिटीवाला म्हणाला तर व्हेन. ट्रान्सपोर्टवाला म्हणाला तर इफ, आणि दुसरा ट्रक बघायला लागा."

उंच इंजिनिअर इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मीही हसले. उत्तर बरोबर होतं. मी ते शंभर वर्षं विचार करूनही काढलं नसतं.

वर्षभरानं कंपनीनं तिला जपानला, नागोयाच्या ऑफिसात, दोन वर्षांसाठी यायला सांगितलं. तिनं मला ते गाडीतच सांगितलं, आमच्या बिल्डिंगखाली, इंजिन चालू ठेवून.

"खरं तर तू जायला हवंस," ती म्हणाली. "माझं जपानी तिथं काय टिकणार?"

या वेळी मी वाक्य जुळवत बसले नाही. "मग माझं नाव का नाही सुचवलंस?"

तिनं इंजिन बंद केलं. "सुचवलं होतं. दोनदा. ते म्हणाले, त्या बाईंचं जपानी फार चांगलं आहे, पण त्या आमच्याशी बोलत नाहीत. शिकवतात."

मी गाडीतून उतरले. लिफ्टमध्ये मला रडू आलं नाही, पण घरात गेल्यावर मी बराच वेळ पर्स खांद्यावर तशीच ठेवून स्वयंपाकघरात उभी होते. ती खोटं बोलत नव्हती. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

ती गेली आणि तिची खुर्ची मला मिळाली. आता व्हिसा, घर, शाळा, दवाखाना माझ्याकडे आहे. पहिल्या महिन्यात उंच इंजिनिअरची दाढ दुखायला लागली आणि मला त्याला घेऊन डेंटिस्टकडे जावं लागलं. दाढेच्या मुळाला जपानीत काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं. मी स्वतःच्या गालावर बोट ठेवून, झाडाची मुळं हातानं दाखवून, निम्म्या वाक्यात प्रत्यय गाळून त्याला समजावलं. त्याला कळलं. सुजलेल्या गालानं त्यानं मला विचारलं, दुखेल का? मी म्हणाले, थोडं. येताना गाडीत तो त्याच्या आईबद्दल बोलत होता. इतक्या दिवसांत त्यानं मला व्याकरणाबाहेरचं असं काही पहिल्यांदाच सांगितलं.

तिचे फोन येतात, शनिवारी दुपारी, तिच्याकडे तेव्हा संध्याकाळ झालेली असते. तिथले लोक तिला सांगतात की तुमचं जपानी लहान मुलासारखं आहे. कंपनीनं तिला आठवड्यातून दोनदा क्लासला घातलंय. हे ऐकून मला बरं वाटलं, ते मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. मग ती फोन फिरवून मला रस्ता दाखवते, सायकली, ओल्या छत्र्या, दुकानांतले पिवळे दिवे, आणि ते बरं वाटणं तिथंच संपतं. मी अजून जपान पाहिलेला नाही.

गेल्या महिन्यात तिची मुदत वर्षभरानं वाढली. मेल आधी माझ्याकडेच आली, कारण तिच्या व्हिसाचे कागद मीच करते. खुर्ची अजून वर्षभर माझ्याकडे राहणार म्हणून हायसं वाटलं, आणि तिला तिथं अजून एक वर्ष मिळालं म्हणून दिवसभर डोकं दुखत राहिलं. शनिवारी मीच अभिनंदनाचा फोन केला. ती कुठल्याशा दुकानात रांगेत होती. म्हणाली, थांब, बाहेर येते. मी थांबले. मग आम्ही बराच वेळ बोललो, मुख्यतः माझ्या मुलीच्या कॉलेजबद्दल आणि तिच्या गुडघ्याबद्दल, जो तिथल्या थंडीत दुखतो.